मगरसर पाण्यात का उतरत नाहीत

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आपल्या जलतरण मंडळाचे पदाधिकारी, माझ्या देखरेखीखाली नाकातोंडात पाणी घालून घेतलेले आजी-माजी विद्यार्थी, त्यांचे सोशिक पालक आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या सौ., आपणा सर्वांना माझा नमस्कार.

चिटणीससाहेबांनी माझं इतकं कौतुक केलं की, माझ्या मागे दुसरंच कोणी बसलंय की काय, म्हणून मी वळून पाहिलं. त्यांचा मी ऋणी आहे. हरकत आहे ती एकाच वाक्याला. ‘सर विश्रांतीसाठी निवृत्त होत आहेत,’ असं ते म्हणाले. मंडळी, कामाने मी कधी दमलो नव्हतो. खरं कारण सांगितल्याशिवाय हा हार गळ्यात ठेवणं मला जड जाईल.

तुम्ही सगळे पाठीमागे मला ‘मगरसर’ म्हणता. काठाचा दांडा सोडायला तयार नसलेल्यांचे पाय मी पाण्याखालून येऊन धरायचो, त्यातून हे नाव पडलं. मला ते आवडतं. पण गेली दोन वर्षं ही मगर जॅकेट घालून काठावर का उभी असते, असं कुणी विचारलंत का? मी विचारू दिलं नाही, हेही खरं.

मला प्रोस्टेटचा कर्करोग आहे. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन घ्यावं लागतं. पुरुषाच्या अंगात जे हॉर्मोन असतं, ते हे इंजेक्शन बंद पाडतं, म्हणजे रोगाची उपासमार होते. रोगाबरोबर माझीही होते. बसल्याजागी अंगातून वाफ निघते, घामाने कपडे भिजतात. दंडातलं बळ ओसरलं, पोट सुटलं, आणि, पालकांनी क्षमा करावी, छाती बाईमाणसासारखी भरली. आता सांगा, उघड्या अंगाने कसा उतरणार मी तुमच्यासमोर?

घरी पहिल्यांदा घामाने डबडबलो तेव्हा सौ. हसून म्हणाल्या, “आता कळलं ना, आम्हा बायकांना काय होतं ते?” आम्ही दोघंही हसलो. पुढे हसू येईनासं झालं. मला पंखा लागे, त्यांना थंडी वाजे, म्हणून मी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. पंख्याचं निमित्त होतं. नवराबायकोत जे असतं, त्याची इच्छाच माझ्यातून पुसली गेली होती, आणि ते बोलायला मला तोंड नव्हतं. एके सकाळी चहा देताना त्यांनी विचारलं, “माझं काही चुकलं का?” मी वर्तमानपत्र वाचत राहिलो.

डॉक्टरांकडे गाऱ्हाणं नेलं. भला माणूस. म्हणाले, “त्रास होतोय म्हणजे औषध लागू पडतंय.”

मी म्हटलं, “किती दिवस घ्यायचं?”

“लागू पडतंय तोवर.”

म्हणजे औषध थांबावं अशी प्रार्थनासुद्धा करायची सोय नाही.

मागच्या उन्हाळ्यात प्रौढांच्या वर्गातले आपले रोखपालसाहेब पाय टेकायला तळ लागेना म्हणून खोल बाजूला घाबरले. ते इथे आहेत, त्यांची परवानगी घेऊन सांगतोय. मी जॅकेट फेकून उडी मारली. त्यांच्या काखेत हात घातला, वर ओढलं, आणि हात उचलेचना. ज्या पकडीने मी आयुष्यभर माणसं वर काढली, त्याच पकडीत आम्ही दोघं खाली निघालो. आपल्या धाकट्या प्रशिक्षिकाबाईंनी आम्हा दोघांना काठाला लावलं. लहानपणी त्यांना पोहायला मीच शिकवलं होतं.

सदरा अंगाला चिकटला होता. जे झाकत होतो ते सगळ्यांनी पाहिलं. बाईंनी भिंतीकडे बघत टॉवेल दिला.

“सर, काही विचारू?”

“नको.”

“बरं,” म्हणाल्या आणि चहा घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवसापासून काठावर माझ्यासाठी खुर्ची आली. कुणी ठेवली, मला माहीत नाही. तुमचा चांगुलपणा मला कळत होता. पण त्या खुर्चीवर बसून मी तुमचा गलबला ऐकायचो आणि वाटायचं, मी आहे की नाही इथे? ज्या प्रशिक्षकाला बुडणारा माणूस वर काढता येत नाही, त्याने काठावर राहू नये. म्हणून राजीनामा दिला. विश्रांतीचा संबंध नाही.

यातून मार्ग काय, ते मला सापडलेलं नाही. परवा पुढचं इंजेक्शन आहे. काल रात्रीच्या जेवणानंतर यातलं थोडं सौ.ना सांगितलं. त्यांनी ताटं विसळून पालथी घातली. मग म्हणाल्या, “मला वाटलं, मी तुम्हाला नकोशी झाले.” एवढंच. अंथरूण अजून बाहेरच आहे.

मंडळाने शाल दिली, प्रेम दिलं, सगळ्यांचे मनापासून आभार. निरोपाच्या प्रसंगी असं दुखणं मांडू नये, याची जाणीव आहे. माझं भान सुटलं आणि कुणाला अवघडल्यासारखं झालं असेल, तर आपला माणूस म्हणून पोटात घाला. आता सगळ्यांनी चहाला थांबावं. माझ्याजवळ या, तब्येत विचारा. मी सवयीने ‘छान आहे’ म्हणेन. तेव्हा लगेच निघून जाऊ नका.