माझ्या हाताचं माप

माझा जन्म करमाडच्या पलीकडच्या माळावरचा. रझाकाराच्या धाकानं आमची माणसं मेंढरं घेऊन डोंगरात जाऊन राहिली होती, पोलीस अ‍ॅक्शन झाली तशी खाली आली, आणि त्याच सुगीत मी झाले, असं माय सांगायची. तारीख कुणाला मालूम? आमच्यात लेकरू चालायला लागलं की कोकराच्या मागं चालतं, आणि पोरगी असली की तिच्या हातात चाती येती, लोकर कातायला. चालता चालता कातायचं, बोलता बोलता कातायचं, भांडता भांडताबी कातायचं. लग्नात हळद लागली तेवढाच काय तो माझा हात रिकामा होता.

मालक लई उंच गडी. घोंगडी विणायचा हुन्नर त्यांच्या हातात. पडवीत मागाचा खड्डा, खड्ड्यात पाय सोडून ते बसायचे आणि दिवसभर आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडं टाकायचे. बाईनं सूत कातायचं, चिंचोके शिजवून खळ करायची, ती सुताला लावायची म्हणजे सूत कडक राहतं, घोंगडी टिकती, पण खड्ड्यात पाय घालायचा नाय. का नाय, ते कुणी सांगत नव्हतं. देवाला चालत नाय म्हणायचे. देवानं कधी येऊन सांगितलं, तेबी कुणी सांगत नव्हतं. काय सांगू लेकरा तुला, मी सगळी जिंदगी त्या खड्ड्याच्या काठावर काढली, आणि आत बसून समोर कसं दिसतं ते मला ठावं नव्हतं.

मग माळ गेला. कंपन्या आल्या, तारेची कुंपणं आली, मेंढरं चारायची कुठं? कळप विकला. कळप गेल्यावर मालक घरात असे बसले की जसं काय कुणाची वाट बघतेत, आणि एक दिवस तेबी गेले. माझा अंकुश कंपनीत लागला. तो म्हणाला, माय, माग तर बंदच हाये, खड्डा मुरुमानं भरतो, वर कोबा करतो, कंपनीतल्या पोरांना खोली भाड्यानं देऊ. त्याचं चुकत होतं असं नाय. पण माझ्या तोंडून निघून गेलं, भरू नको, मी विणते.

साठी उलटली होती माझी. अंकुश हसला, सून हसली. थोरले दीर शेजारीच राहतेत, ते काठी टेकत आले आणि म्हणाले, आता बाई मागावर बसणार, मग आम्ही गड्यांनी सूत कातत बसायचं का? मी म्हटलं, बसा की भाया, चाती देऊ का? तर म्हणाले, या वयात खड्डा म्हटलं की माणसाला दुसराच आठवतो. सगळे खो खो हसले. मीबी हसले, खोटं कशाला बोलू. अंकुश म्हणाला, बरं, थंडी पडेपर्यंत थांबतो. एक घोंगडी पुरी करून दाखव, कुणी घेतली तर खड्डा तुझा. नाय तर मुरुमाची ट्रॉली आणतो.

कळपाच्या वेळचं कातलेलं सूत घरात होतं. पहिल्या दिवशी खड्ड्यात पाय सोडला. देवाचं नाव घेतलं, म्हटलं, बाबा, चालत नसंल तर आत्ताच सांग. काय झालं नाय. चिमणी ओरडत होती, तशी ओरडत राहिली. धोटा टाकला, तो पडला. परत टाकला, परत पडला. पण डोळ्यांनी एवढी वर्षं जे बघितलं होतं ते हळूहळू हाताला आठवायला लागलं. हाताला कसं आठवलं? हातानं तर कधी केलंच नव्हतं. हे मला अजून कळलं नाय, तू शिकलेली हायेस, तुला कळत असंल तर सांग. वीतभर कापड झालं तेव्हा मी त्यावर हात ठेवून नुसती बसून राहिले. सून म्हणाली, मामी, जेवायचं नाय का. मला भूकच नव्हती.

थंडी आली. घोंगडी मागावरून उतरवली, सगळे जमले. थोरल्या दिरांनी डोक्यावरून पांघरली. टाचेपर्यंत यायला पाहिजे, ती आली गुडघ्यापर्यंत! काय हसले लोक. ध्यानात यायला मला वेळ लागला. आमच्यात ताणा, म्हंजी मागावर लांबीला लावायचं उभं सूत, हातानं मोजतेत, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात. मालकांचा हात लांबसडक. मी मोजला माझ्या हातानं. हात तेवढेच, घोंगडी आखूड. अंकुश हळूच म्हणाला, माय, झाली हौस? रविवारी ट्रॉली आणतो.

शेजारची गया तिथंच उभी होती, शेळ्या राखती ती. तिनं दिरांच्या अंगावरून घोंगडी ओढली, स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि अंगणात चालून बघितली. टाचेवर बरोबर आली. म्हणाली, वहिनी, जिंदगीभर नवऱ्याची घोंगडी घेऊन हिंडले, चिखलात फरफटत नेली, कुणी म्हटलं नाय की बाईच्या मापाची करू. ही मला दे. मला वाटलं, कीव करती. मी म्हटलं, राहू दे गया. ती म्हणाली, राहू कशाला दे? विकायची हाये का नाय ते बोल. मी विकली.

रविवारी ट्रॉली आली खरी, अंकुशनं आधीच सांगून ठेवलेली. पण तिच्या आधीच गया वाडीतल्या बायकांना घेऊन आली होती. प्रत्येकीच्या डोक्यावर लोकरीचं गाठोडं. सगळ्या खड्ड्याच्या काठानं बसल्या, आणि आपापला हात पुढं करून म्हणाल्या, माझं माप घे. अंकुशनं एकेकीचं गाठोडं बघितलं. मग त्यानं मुरुम अंगणात पसरला, म्हणाला, एवढ्या बाया येणार, तर चिखल नको.

आता वेरूळपासून बायका येतेत. बिडकीनच्या कंपनीतल्या पोरीबी येतेत, पांघरायला पाहिजे म्हणतेत. जिची घोंगडी, दोरीवर तिचाच हात ठेवून मी मोजते. गर्दी वाढली तसा शेजारी दुसरा माग टाकला, सून आता त्यावर बसती. पंच्याहत्तरीला आले असंल मी, खड्ड्यात उतरताना तिचा खांदा धरावा लागतो. पण धोटा इकडून तिकडं गेला आणि कापड एक रेघ पुढं सरकलं, की अजून मला नवल वाटतं, रोज वाटतं.

सध्या मागावर हाये ती घोंगडी माझी. स्वतःसाठी पहिलीच. काल थोरले दीर आले, नजर गेलेली हाये, त्यांनी चाचपून बघितलं, म्हणाले, कुणाची? मी म्हटलं, माझीच की भाया. ते हसतील असं वाटलं. त्यांनी परत एकदा कापडावरून हात फिरवला आणि म्हणाले, मग खळ नीट लाव, लई वर्षं वापरायचीय तुला.