डोंगरकड्याची शेळी

नोकरी जाता जाता कशी वाचते, ते मला विचारा. पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. लोकांच्या स्मरणशक्तीचा एक अभ्यास राज्यभर चालला होता. सगळ्या गावांत हरवलेल्या शेळीची एकच गोष्ट वाचून दाखवायची, एकेकाला एकटं बसवून, आणि ऐकणाऱ्याने ती लगेच परत सांगायची. वाचताना आम्ही एक शब्द बदलायचा नाही, अशी ताकीद. माझ्या वाट्याला डोंगरकडा आलं.

पहिल्या दिवशी शेवंताबाई आल्या. अडखळत का होईना, गोष्ट सांगून गेल्या. दुसऱ्या दिवशी बाबूमियाँ. मी कागद उघडतोय तोच म्हणाले, "राहू द्या मास्तर, तुमी काहून तकलीफ घेता? मीच सांगतो." आणि सांगितली की बराबर! वर म्हणाले, "तुमच्या कागदात करडं न्हाईत. शेळीबरोबर दोन करडं बी हरवली व्हती."

शेवंताबाईंनी गोष्ट विहिरीवर सांगितली होती आणि तिथून ती हंड्यांबरोबर घरोघर पोचली होती. पुढचे सगळे असेच आले. मी भीत भीत खरं तेच, करडांसकट, लिहून पाठवलं. आठवड्यात या अभ्यासाचे मोठे सर जीप घेऊन हजर. म्हटलं, संपलं.

सर म्हणाले, "वाठोरे, बाकी सगळीकडून लिहून आलंय, खेड्यातल्या लोकांची स्मरणशक्ती अफाट आहे. गोष्ट आपल्या आधीच गावभर फिरते, हे लिहिणारे तुम्ही एकटे. काम चालू ठेवा."

माझ्या जीवात जीव आला. सर जीपमध्ये बसले, परत उतरले, आणि हळूच म्हणाले, "ती करडं सापडली का हो?"