पाठमोरी बाई कोण

(ताकेहामा बेटावरचं सार्वजनिक न्हाणीघर. दुपारची वेळ, अजून गिऱ्हाइकांसाठी उघडलेलं नाही. नात्सुए इथे कामाला आहे. तिची धाकटी बहीण चिगुसा न कळवता बोटीनं आली आहे.)

नात्सुए : भर दुपारी कडी लावली तर लोक म्हणतील मालकीणबाई गेल्या. बंब पेटवलाय, घटकाभरात म्हातारे यायला लागतील. तू आधी बूट काढ आणि बस.

चिगुसा : कडी लाव, ताई. पाया पडते तुझ्या.

नात्सुए : लावली बाई. आता बोल. नोकरी गेली का?

चिगुसा : त्याला कळलंय.

नात्सुए : कुणाला?

चिगुसा : कुणाला काय विचारतेस!

नात्सुए : थांब. पाणी सांडलं माझ्या हातून. राहू दे, पुसू नकोस. कसं कळलं? आईनं सांगितलं?

चिगुसा : आईला कुठे ठाऊक आहे तू इथे आहेस ते! मीच सांगितलं. म्हणजे तोंडानं नाही.

नात्सुए : कोडी घालू नकोस चिगू. सरळ सांग.

चिगुसा : सुझुनोची मालिका आठवते? मी चित्रं काढायचे ती?

नात्सुए : आई हरवलेल्या पोरीचं कार्टून. त्याचं काय?

चिगुसा : त्यात रस्त्यावरची, दुकानातली गर्दीची माणसं असतात ना, ती कशी काढायची ते कुणी सांगत नाही. आमच्या स्टुडिओत रीतच आहे, ज्यानं त्यानं आपापल्या ओळखीतलं माणूस काढायचं. कुणी सासऱ्याला काढतं, कुणी घरमालकाला. मी तुला काढलं होतं. पडदा सारून तळणाच्या दुकानात शिरणारी पाठमोरी बाई.

नात्सुए : दाखवलं होतंस मला. चेहरा काढ की म्हटलं, तर म्हणालीस, गर्दीला चेहरा नसतो.

चिगुसा : त्या बाईवरून लोक इतकी वर्षं भांडतायत.

नात्सुए : माझ्यावरून?

चिगुसा : ती सुझुनोची हरवलेली आई, की नुसतंच गिऱ्हाईक, यावरून. नेटवर त्यांचा अड्डा आहे, दोन पक्ष आहेत. ‘पाठमोरी’ म्हणतात तुला. तुझ्या पाठीवर पानंच्या पानं लिहिलीत लोकांनी.

नात्सुए : माझ्या पाठीवर लक्ष ठेवणारा मला एकच ठाऊक होता, माझा नवरा. आणि तो लिहीत नसे.

चिगुसा : यंदा दुसरा भाग आला. बंदराच्या गावातली गोष्ट. एक बाई न्हाणीघराचा पडदा सारून आत जाते, एवढंच चित्र माझ्या वाट्याला आलं होतं. मी विचारसुद्धा केला नाही गं. हात आपला चालत गेला. पाठमोरी बाई, आणि पडदा मनगटाच्या उलट्या बाजूनं सारलेला. तू सारतेस तसा.

नात्सुए : आणि न्हाणीघर कुठलं काढलंस?

चिगुसा : गेल्या हिवाळ्यात मी इथे राहून गेले ना...

नात्सुए : कुठलं काढलंस?

चिगुसा : हेच. निळं दार, बाहेरच्या पायऱ्या, कललेली चिमणी. डोळ्यांत बसलं होतं, ते उतरलं कागदावर.

नात्सुए : हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! तेही स्वतःचा दाखवायचा सोडून माझा दाखवलास!

चिगुसा : बोल. मार हवं तर.

नात्सुए : मारायला तो आहे. पुढे सांग. पण तो कार्टून बघणारा माणूस नाही. बातम्या सोडून जन्मात काही बघितलं नाही त्यानं.

चिगुसा : मी कुठे काम करते ते त्याला ठाऊक आहे. शेवटी माझं नाव येतं. मालिका बघत नसेलच तो, माझा माग काढत असेल. आणि अड्ड्यावर तर रण पेटलंय. एक पक्ष म्हणतो, दोन्ही भागांत हात तोच, लकब तीच, म्हणजे आई जिवंत आहे आणि बंदरावर राहते. दुसरा म्हणतो, पहिल्या भागात आईचं वर्षश्राद्ध दाखवलंय, मेलेली बाई अंघोळीला कशी येईल?

नात्सुए : मेलेल्या बाईला निदान पत्ता लपवावा लागत नाही.

चिगुसा : ताई!

नात्सुए : बरं, भांडू देत की. भांडणानं कुणी इथवर येत नाही.

चिगुसा : येतात! हे लोक चित्रातली खरी जागा हुडकून काढतात. यात्रेला निघाल्यासारखे तिथे जातात आणि चित्रात दिसतो तस्सा फोटो काढतात. परवा त्यांच्यातल्या एका जाणत्यानं बेटाचं नाव जाहीर केलं. त्याखाली एक नवा माणूस आला. नाव नाही, मालिकेबद्दल अवाक्षर नाही, सारखं एकच टुमणं, न्हाणीघर कुठे आहे. आणि काल त्यानं लिहिलं, ‘तिची करंगळी आणि शेजारचं बोट मिटत नाहीत, म्हणून ती पडदा तसा सारते.’

नात्सुए : खरंच आहे की ते.

चिगुसा : चित्रात बोटं नाहीत, ताई. बोटं पडद्याआड आहेत. मी ती काढलेलीच नाहीत.

नात्सुए : खालची कडीसुद्धा लाव.

चिगुसा : तू तर मला म्हणाली होतीस, बोटं दारात सापडली.

नात्सुए : दारातच सापडली. दार कोण लावत होतं ते तू विचारलं नाहीस.

चिगुसा : रडू नको म्हणतेस आणि असं काहीतरी सांगतेस!

नात्सुए : मी कुठे म्हटलं रडू नको? हळू रड. चौकीवर फोन केलास का?

चिगुसा : बोटीतूनच केला. हवालदार उत्तरेच्या गावाला गेलाय, मासेमारांच्या भांडणात. निघतो म्हणाला. पण एकटाच आहे, आणि सायकलवर.

नात्सुए : सायकलवर! तो येईपर्यंत माझं वर्षश्राद्ध होईल. श्‍श... पायऱ्यांवर कुणीतरी आहे.

चिगुसा : अगं आई गं.

नात्सुए : तोंडावर हात ठेव. तो पाणी ढवळायचा लाकडी दांडा दे इकडे.

कुरामोची : आत कुणी आहे का? माफ करा, अवेळी आलो.

नात्सुए : हा त्याचा आवाज नाही. आणि तो माफी मागत नाही कधी.

चिगुसा : तरी उघडू नकोस!

नात्सुए : अहो, पाणी तापलं नाही अजून! नंतर या!

कुरामोची : मी अंघोळीला आलेलो नाही. माझं नाव कुरामोची. ओकायामात माझं औषधांचं दुकान आहे. मला एका चित्रातल्या बाईंविषयी बोलायचं होतं. आपणच त्या असाल, तर कृपा करून दार उघडू नका, आतूनच ऐका. नसाल, तर एका वेड्या म्हाताऱ्याला क्षमा करा.

चिगुसा : कुरामोची? हाच तो! बेटाचं नाव यानंच जाहीर केलं!

कुरामोची : होय, मीच तो. त्याबद्दलच आलो आहे. आत्ताच लागलेल्या बोटीत माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. फार सभ्य. स्वतःच्या डब्यातलं संत्रं सोलून अर्धं मला दिलं. म्हणाले, तेच न्हाणीघर बघायला चाललोय. मला आनंद झाला. आमच्यात अनोळखी माणूससुद्धा भाऊ असतो. मी विचारलं, तुम्ही कुठल्या पक्षाचे? त्यांना पक्षच ठाऊक नव्हते. सुझुनो कोण तेही सांगता येईना. मग मी सहज विचारलं, तुम्ही पाठमोरीला काय म्हणता, आई की गिऱ्हाईक? तर म्हणाले...

नात्सुए : काय म्हणाला?

कुरामोची : म्हणाले, ‘नात्सुए. दुसरं काय म्हणणार?’ बाई, इतकी वर्षं आम्ही भांडतोय, पण तिला नाव आम्ही कुणीही दिलं नाही. दोन्ही पक्षांचं तेवढ्यावर एकमत आहे. त्यांनी ते नाव अशा सुरात घेतलं की माझ्या हातातलं संत्रं माझ्यानं खाववेना.

नात्सुए : चिगू, कडी काढ. तुम्ही आत या. बूट हातात घेऊन या, बाहेर दिसायला नकोत.

कुरामोची : आभारी आहे. अरे देवा. आपण पडदा...

नात्सुए : माझा हात नंतर बघा! तो कुठे आहे?

कुरामोची : मी त्यांना खोटं सांगितलं. न्हाणीघर उत्तरेच्या गावात आहे म्हणालो. चिमणीवरून मी हेच ओळखलं होतं, पण अजून कुठे लिहिलं नव्हतं. ते बसमध्ये चढलेले पाहिले आणि मग धावत इकडे आलो. धावायचं माझं वय नाही.

चिगुसा : उत्तरेच्या गावात न्हाणीघरच नाही! कुणालाही विचारलं की कळेल. तीच बस वळसा घालून इथे येते!

कुरामोची : मला ते ठाऊक नव्हतं.

नात्सुए : तुम्हाला काय ठाऊक होतं हो? बेटाचं नाव लिहिताना तुम्हाला काय वाटलं, इथे चित्रं राहतात?

कुरामोची : मला वाटलं, मी जिंकलो. लोकांनी इतकं कौतुक केलं. बायको गेल्यापासून कुणी माझं असं कौतुक केलं नव्हतं. माझं चुकलं, बाई. कपाळ जमिनीला टेकून सांगतो.

नात्सुए : उठा. ओली फरशी आहे.

चिगुसा : ताई, पिशवी भर. कोळ्यांपैकी कुणी होडीनं पलीकडे सोडेल. माझ्या मैत्रिणीकडे जाऊ, मग तिथून कुठेतरी.

नात्सुए : कुठेतरी. दरवेळी कुठेतरीच. चिगू, इथले म्हातारे मला नावानं हाक मारतात. माझ्यासाठी खिशातून खारवलेली बोरं आणतात. रात्री पावलं वाजली की मी आताशा उठून बसत नाही. किती भीती वाटते ते तुला कसं सांगू. पण मला जायचं नाही गं.

चिगुसा : मग काय करायचं? बस येईल!

नात्सुए : कुरामोचीसाहेब, त्या अड्ड्यावर तुमचा शब्द चालतो?

कुरामोची : चालतो. जागेच्या बाबतीत तर मी म्हणेन ती पूर्व दिशा.

नात्सुए : आणि तो ते वाचतो. बसमध्येही वाचत असेल.

चिगुसा : सारखा. लिहिलं की लगेच त्याचं उत्तर येतं.

नात्सुए : मग लिहा. बेटावर जाऊन आलो, न्हाणीघर पाहिलं, ते हे नव्हे. इथली कामवाली सत्तरीची आहे. दोन्ही भागांतल्या बायका वेगळ्या आहेत. मी इतकी वर्षं चुकीचं सांगत होतो.

कुरामोची : वेगळ्या आहेत, असं?

नात्सुए : का? हात अडला?

कुरामोची : नाही, नाही. तसं नाही. फक्त... विरुद्ध पक्षात त्सुबाकी नावाच्या एक बाई आहेत. पहिल्या दिवसापासून मला मूर्ख म्हणत आल्यात. हे वाचलं की त्या आता जन्मभर...

नात्सुए : तुमची मान खाली जाईल, साहेब. माझी मान त्याच्या हातात जाईल.

कुरामोची : क्षमा करा. लिहितो. नाही, नको. पोरी, तू लिही, मी सांगतो.

चिगुसा : नाही, तुम्हीच लिहा. तुमची धाटणी लोक ओळखतात. माझ्या चित्रातली लकब तशीच ओळखलीत ना तुम्ही!

कुरामोची : खरं आहे. ‘ताकेहामाहून लिहितो आहे. मोठ्या खेदानं कळवतो, की प्रत्यक्ष जागा पाहता माझं अनुमान फसलं. चिमणी सरळ आहे. दार हिरवं आहे. आत एक वृद्ध बाई होत्या, त्यांचे दोन्ही हात धडधाकट. मालिकेतली जागा बहुधा क्युशूच्या किनाऱ्यावरची असावी. संध्याकाळच्या बोटीनं मी परत निघतो आहे.’ ठीक आहे?

नात्सुए : पाठवा.

कुरामोची : पाठवलं. आलंच त्सुबाकीबाईंचं. ‘सांगत नव्हते मी?’ खाली हसणारे चेहरे. माझ्या पक्षातले दोघे म्हणतायत, मला कुणीतरी विकत घेतलं. असू दे. असू दे.

चिगुसा : तो? त्याचं आलं का?

कुरामोची : अजून नाही.

चिगुसा : बस आहे का ती? ताई, घाटावर इंजिन वाजतंय.

नात्सुए : कोळ्यांची होडी आहे. मला आवाज कळतो. माझा हात धर. तो नको, हा धर.

कुरामोची : आलं. त्यांचंच.

चिगुसा : काय म्हणतो?

कुरामोची : एवढंच आहे, ‘खात्री आहे?’

नात्सुए : लिहा, आहे म्हणून. अहो, बघत काय बसलात? लिहा!

कुरामोची : लिहितो, बाई. पुन्हा कधी तोंडातून काढणार नाही, पण एकदाच विचारू द्या. त्या दोघी... एकच ना?

नात्सुए : एकच. दोन्हीकडे मीच.

कुरामोची : मला वाटलंच होतं. लिहितो हं. ‘पूर्ण खात्री आहे. त्या दोघी वेगळ्या. चूक माझीच होती.’