जेटमध्ये घातलेली तार

हात लावू नका, लांबूनच बघा — हातमोजे चढवले की कुणी मेकॅनिक होत नाही, साहेब. काय म्हणे, कार्बोरेटर नवीनच टाका! कशाला? ह्यात जाण्यासारखं असतं काय? इंजिन हवा ओढतं, ती ह्या गळ्यातून जाते — गळा मध्येच अरुंद, म्हणून हवा तिथे जोरात पळते, आणि पळता पळता खालच्या वाटीतलं पेट्रोल ह्या बारक्या पितळी भोकातून वर खेचून नेते. त्या भोकवाल्याला म्हणायचं जेट. झाला तुमचा कार्बोरेटर! वाटीत पेट्रोल किती राहावं ते हा फ्लोट बघतो — संडासाच्या टाकीत फुगा असतो ना, तोच प्रकार. हसताय काय? एवढी तुमची टोळी, डोंगर पालथे घालता, आणि एकालाही आपण कशावर बसलोय ते माहीत नाही.

आता हा जेट उजेडात धरतो, बघा. भोक गोल दिसतंय? कसं दिसेल — कुठल्या तरी गाढवाने तार घातलीय! पितळेत स्टीलची तार! भोक मोठं झालं, पेट्रोल जास्त जायला लागलं, मग काळा धूर, प्लगचा कोळसा, आणि सिग्नलला गाडी बंद. अहो, जेट क्लीनरमध्ये बुडवायचा, हवा मारायची — पण तार नाही, कधीच नाही! असल्यांचे हात बांधून ठेवले पाहिजेत. काय? टाका ना ग्रुपवर, खुशाल टाका. फोटो काढा जेटचा. उद्यापासून एक गाडी जायला नको त्याच्या दारात — बसू दे माश्या मारत!

थांबा जरा. वाटीच्या कडेला हे काय लावलंय — साबण? साबणच आहे. पेट्रोलमध्ये विरघळत नाही, गळती थांबते — पण आता कोण करतं हे? ओला करून अंगठ्याने एका दमात फिरवायचा, कुठेही जोड दिसता कामा नये. आमच्या वडिलांची पद्धत. दोघांनाच शिकवली त्यांनी, मला आणि धाकट्याला... पाण्याच्या टाकीमागचं गॅरेज ना? निळ्या दाराचं? तुम्हीच सांगितलंत की आत्ता. नाही? मग दुसरं कुणी बोललं असेल — मी कशाला मरायला जातोय तिकडे! वडील गेल्यापासून बोलणं नाही आमचं. फार शहाणा समजतो स्वतःला. समजू दे, माझं काय जातंय?

पण तार? त्याने? अहो, मी एकदा तार हातात घेतली तर थोरला-धाकटा न बघता अंगावर आला होता माझ्या! जेटवरचा नंबर नुसत्या डोळ्यांनी वाचायचा तो, मला भिंग लागायचं. चष्मा लावतो का हो? जाड? किती जाड — आणि जेट उजेडात धरला होता की नाकाशी? बोटांनी चाचपत होता? नीट आठवा. हं. म्हणजे वडिलांचंच लागलं त्याला. असंच सुरू झालं होतं त्यांचं, शेवटी आवाजावरून गाड्या ओळखायचे. बायको गेली त्याची, आता घरी बघायला तरी कोण... तुम्हाला काय करायचंय, तुम्ही कशाला कान टवकारताय?

आणि ते काय टाइप करताय? ठेवा तो फोन. ठेवा म्हणतो ना खाली! त्याची चूक? चूक तुमची आहे, तोंड वर करून बोलू नका! किती महिने उभी होती ही गाडी? टाकी भरलेली, तिच्याखालचा पेट्रोलचा कॉक उघडा, वाटीत पेट्रोल वाळून त्याचा गोंद झालाय. गाडी उभी ठेवायची तर कॉक बंद करायचा, खालचा स्क्रू ढिला करून वाटी रिकामी करायची — एवढी अक्कल नाही? एअर फिल्टर बघा, चूल पुसलेलं फडकं बरं ह्याच्यापेक्षा. असला जेट माझ्यापुढे आला असता तर मीसुद्धा तारच घातली असती. हो, मीसुद्धा! म्हणे फोटो टाकतो. पुसा आधी तो फोटो. माझ्यासमोर पुसा.

नाही, मी बसवणार नाही. हा नवा जेट घ्या, बाकीचं सगळं पिशवीत घालून देतो, आणि न्या त्याच्याकडेच. ढकलत न्या — पुलाला चढ आहे, जरा मस्ती उतरेल. म्हणावं, दुकानातून आणला. माझं नाव काढलंत तर याद राखा. जेट बसवायला डोळे लागत नाहीत, बोटांना कळतं, आणि त्याच्यासारखी बोटं... असो. पण थेट त्याच्या हातात द्या. बाकावर ठेवू नका, सापडायचा नाही त्याला. आता बघताय काय माझ्याकडे? उचला पिशवी. निघा!