मामानं नेलेला कोंबडा

— नाही नाही, दाजी, घरी जायची घाई करू नका, बॅग ठेवा खाली, माझी सख्खी बहीण, रोस्नी, तिथं कोयता घेऊन बसलीय — तुमच्यासाठी नाही हो, माझ्यासाठी. टपरीवाल्या ताई, दाजींना चहा दे, अंडं फेटून, दोन अंडी घाल, जाकार्ताला कापड विकून विकून पार चिंधी झालीय माणसाची. हां. आता ओळखा बघू, या कोंबड्याच्या भानगडीचा शेवट काय झाला असेल? रोस्नीनं फोनवर रडत रडत जेवढं सांगितलं तेवढ्यावरून ओळखा. ओळखलंत तर चहा माझ्याकडून. नाही ओळखणार. लावा पैज.

तुमच्या पोरीला, युलीला, नेणार म्हणता? जाकार्ताला? आजच? — चहा तर येऊ द्या.

तुम्ही म्हणाला होतात, युलीला सिलाट, आपली हातापायाची नि चाकूची झुंज, शिकायला शाळेतल्या त्या रंगीत पट्टेवाल्या सरांकडं घाला, पदकं मिळतात, फोटो येतात. म्हणाला होतात ना? आणि मी काय म्हणालो? दाजी, आपल्यात बाप म्हणजे खुंटावरची राख, फुंकर मारली की उडाली, पोरीचा गुरू मामानं निवडायचा असतो. असं म्हणालो मी. आता तोंड वर करून बघवत नाही तुमच्याकडं, पण म्हणालो. गेलो होतो हो त्या सरांकडं, खोटं नाही सांगत. चांगला माणूस. त्यानं कागद ठेवला पुढ्यात, भरा म्हणाला, मी भारी ऐटीत हातात घेतला — उलटा. पोरं खिदळली. युली पण हसली थोडी, मग तिनंच हळूच सरळ करून दिला. बास, तिथंच ठरलं, हा सर नको, सिलाट शिकायचं तर कातिक गुरूंकडंच. कशावरून ठरला बघा पोरीचा गुरू. हे रोस्नीला माहीत नाही. सांगू नका.

तर कातिक गुरूंची रीत — त्यांच्या आजापासूनची — मामानं चाकू, पांढरं कापड, मीठ, मिरच्या आणि कोंबडा घेऊन पोराला आखाड्यात न्यायचं. पोर मधे उभं राहणार, गुरू कोंबडा सोडणार, तो पोराभोवती कसा फिरतो त्यावरून ठरवणार, या हाताला चाकू शिकवायचा की नाही. मग कोंबडा कापायचा, कालवण करायचं, सगळ्यांनी जेवायचं. आता म्हातारा बघा कसा — जन्मभर माझ्याबरोबर या बाकावर डॉमिनो खेळला, हा, तुम्ही बसलात तिथंच — पण कधी हसला नाही. मी त्याच्या टोपीत मुंगळे घातले, चपलेला गूळ लावला — नाही म्हणजे नाही. म्हटलं आज हसवतो. निघायच्या आधी कोंबड्याला तापाई चारली. तीच हो, आंबवलेला भात, ईदला आपण खातो तो. वाडगाभर. हावरट होता मेला, रस पण प्यायला.

मग काय? झिंगला. सोडल्या सोडल्या पोरीभोवती अशी प्रदक्षिणा घातली, जणू नवरदेव. मी तोंडावर हात धरून हसतोय. मग आपटला पोरीच्या पायाशी, उठला, आणि स्वतःच्याच पायावर चोच मारायला लागला — टक टक टक — रक्त काढलं. माझं हसू तिथंच गेलं. गुरूंनी ते रक्त बघितलं. मग म्हणाले, "हिच्या हातात चाकू देऊ नका. ही आपल्याच माणसाला जखम करेल." पोरीसमोर. तेव्हाच बोलायचं होतं मी. जीभ होती की तोंडात! बोललो नाही. घाबरलो, आणि खरं सांगू का — सगळ्या गावासमोर हसं होईल म्हणून बोललो नाही. दुसऱ्याचं हसं करणारा मी.

त्या दिवसापासून पोर धाकट्या भावाला उचलत नाही. तो रांगत आला की ही भिंतीला चिकटते. झोपताना दोन्ही हात मांडीखाली घेते, दाबून. काल मी आंबा दिला, म्हणाली, "मामा, तुम्हीच कापून द्या." डोळ्यांत बघून म्हणाली. ताई, हसू नको गं मधे, ही हसायची गोष्ट नाही.

म्हणून काल गेलो गुरूंकडं. सगळं सांगितलं. तापाई, वाडगा, सगळं. वाटलं मारतील. म्हातारा झाला तरी एका बोटानं आडवं करेल मला. मारलं नाही. मग विचारलं, "जमारिस, अस्रुलच्या वेळी कोंबड्याची टोपली तूच धरली होतीस ना?"

अस्रुल म्हणजे त्यांचा पोरगा हो, तुमच्या लग्नाच्या आधीच मलाक्काला गेला, परत आला नाही. त्याचा कोंबडाही असाच पडला होता. बापानं स्वतःच्या पोराला परत पाठवलं, गावातल्या सगळ्या पोरांना शिकवलं, त्याला नाही. टोपली मी धरली होती, खरंय. म्हातारा बघतोय माझ्याकडं — असं बघतोय, दाजी, जसं तहानलेलं माणूस बघतं. मी म्हणालो, हो. त्या कोंबड्याला पण मीच तापाई पाजली होती.

नव्हती पाजली हो! हातसुद्धा लावला नव्हता मी! कोंबडा आजारी असेल, काय असेल, अल्ला जाणे. पण म्हटलं, माझ्या एका खोटेपणानं पोरगा घरी येत असेल तर — आधीच घाण झालेला हात, अजून थोडा भरला. हे तुमच्या तोंडातून बाहेर गेलं तर तुमचा माझा संबंध संपला, सांगून ठेवतो.

माझा फोन मागितला त्यांनी. नंबर पाठ होता म्हाताऱ्याला. कधी लावला नाही, पण पाठ. सांगितलं पोराला — कोंबड्याला पाजलं होतं रे, जमारिसनं, तुझा काही दोष नव्हता. तिकडून पोरगा म्हणाला — मला पण ऐकू आलं — म्हणाला, "बाबा, तुम्ही कोंबड्याला विचारलंत. मला का नाही विचारलंत?" आणि ठेवला.

गुरूंनी फोन सदऱ्याला पुसून दिला मला. म्हणाले, "पोरीला उद्या संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर पाठव. कोंबडा नको. मी तिलाच विचारीन." मी पाया पडायला वाकलो, तर पाय मागे घेतले. "युलीचं माफ केलं तुला. अस्रुलचं नाही. या अंगणात परत पाऊल टाकू नकोस."

उद्या म्हणजे आज. नाही ना ओळखलंत? मग चहाचे पैसे तुम्ही द्या. डॉमिनो तिथंच राहू दे, काढू नको गं ताई, असू दे.

आणि बॅग उचला आता, उन्हं उतरली. जाकार्ताला न्यायचं तर न्या, पण आधी तिला विचारा, तिला काय हवंय ते. आखाड्यात जाते म्हणाली तर पहिल्या दिवशी सोडायला मामा लागतो, आपल्यात बाप जात नाही — आज तुम्ही जा. मी या बाकावरून बघेन. तिचा हात धरून न्या, दाजी. मांडीखालून काढून, घट्ट धरून. मला नाही धरू देत ती.