येणारं टपाल धरत नाहीत

सरकारी मदतीचं कौतुक मला सांगू नका. सत्तरच्या दशकात तोट्यातल्या खेड्यांच्या पोस्टांना सरकार मदत देई. अट एवढीच, की तोटा फार नको! अक्कलकोटकडच्या एका गावचं पोस्ट बंद करायचं का, हे बघायला सोलापूरहून साहेब निघाले. कारकून म्हणून मी बरोबर.

तिथं एका जवानाची आई, गंगव्वा, वाट अडवून उभी. "पोस्ट गेलं तर माज्या लेकाचं पत्र कुटं यायचं?"

साहेब म्हणाले, "आजी, येणारं टपाल आम्ही हिशेबात धरत नाही. गावातून जाणारं किती, तेवढंच मोजतो."

"मला कुटं लिवाया येतंय? मग ती सरहद्दच हितं आणा की! लेक हितनंच पत्रं टाकंल."

परतताना जीपमध्ये साहेबांनी शेरा सांगितला, "ग्रामस्थांची हरकत नाही."

आणि मी, नालायकानं, तो सुवाच्य अक्षरात लिहिला.