मास्तरांची सही

नाव: पासपोर्टच्या अर्जात नमूद आहे तेच. वय: ४९ वर्षे. धंदा: दुकानांच्या पाट्या रंगवणे. शिक्षण: सातवी, गावच्या शाळेत. राहणार: पाण्याच्या टाकीमागील गल्ली, पहिला मजला, जिन्याजवळची खोली.

मी कोणी न बोलावता ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की,

या महिन्याच्या चार तारखेला सकाळी साडेसहाला मी अंघोळ केली, देवाला हात जोडले आणि मग टेबलाशी बसून शेजारच्या मास्तरांची सही केली. मास्तर तेव्हा घरी नव्हते.

माझी पत्नी हयात नाही. एकुलती मुलगी परदेशात असते. तिला आठवा महिना असून डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचे नाही असे सांगितले आहे. जावई दिवसभर कामावर असतात. मी पाच महिन्यांपूर्वी पासपोर्टसाठी अर्ज केला. तो दोनदा परत आला, एकदा फोटोमुळे आणि एकदा शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारखेमुळे. ती तारीख गावच्या शाळेतील गुरुजींनी अंदाजाने लिहिली होती. चौकशीला कोणी यावे आणि दाराला कुलूप दिसावे असे नको, म्हणून मी बाहेरची कामे घेतली नाहीत. शिडी पाच महिने जिन्याखालीच आहे.

तीन तारखेला हवालदार आले. जुन्या शेजाऱ्यांपैकी दोघांच्या सह्या हव्या होत्या. खालच्या दुकानदाराने केली. दुसरे जुने शेजारी म्हणजे मास्तर. ते उपचारासाठी बहिणीकडे गेले होते आणि आठवड्याने येणार होते. बाकी भाडेकरू नवे आहेत.

हवालदार म्हणाले, "उद्या नऊच्या आत कागद आणून द्या. नाहीतर फाईल परत वर. मग तुम्ही आणि तुमचं नशीब."

मी म्हणालो, "साहेब, आठ दिवस थांबा ना."

"मी थांबेन हो. फाईल थांबत नाही."

मास्तरांच्या दारावरची पाटी मीच रंगवलेली आहे. नावाऐवजी त्यांनी हौसेने आपली सहीच काढून घेतली होती. ती वळणे माझ्या हातात बसली आहेत. सही एका दमात आली.

पासपोर्ट सोळा तारखेला टपालाने मिळाला. वीस तारखेला फेरतपासणीत मास्तरांना ठाण्यात बोलावून समोर सही करायला लावली. गेल्या वर्षीच्या झटक्यापासून त्यांचा उजवा हात कापतो. कप ते दोन्ही हातांनी धरतात. मी हे रोज पाहतो. सही करताना मला ते आठवले नाही. कागदावरची सही धडधाकट माणसाची आहे.

मास्तरांनी ठाण्यातील साहेबांना सांगितले, "सही माझीच, त्या दिवशी हात बरा होता." तसे लेखी देण्यासाठी त्यांना आज बारा वाजता बोलावले आहे.

वीस तारखेलाच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "काय पेंटर, सही झकास काढलीस. माझ्यापेक्षा बरी."

मी पायाला हात लावू लागलो तर म्हणाले, "ऊठ, ऊठ. पोरीकडे जा. मला धरलं तर धरलं. हा हात बघ, साहेबांना फुकटचा पंखा होईल."

"मास्तर, तुम्ही खोटं लिहून देणार?"

"चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं. एक दिवस सुट्टी."

मी हसलो. ते हसले नाहीत.

व्हिसा जावयांनी ऑनलाइन काढला. माझे विमान आज दुपारी चार वाजता आहे. बॅग भरून घरी दाराशी ठेवली आहे. तिच्यात दोन झबली आहेत. आज सकाळी मुलीला फोन करून सर्व सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाबा, चहा घेतलात का?"

यात मास्तरांचा किंवा हवालदारांचा काही दोष नाही. सही मी केली. पासपोर्ट इथे साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे. आता सव्वाअकरा झाले आहेत. मास्तरांना निघू नका असे कळवावे, ही विनंती. त्यांना जिना उतरायला त्रास होतो.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे. खालची सही माझी स्वतःची आहे.